रिकामी गव्हाण

दिनानाथांना कागदाचं काहीही करता येई, फक्त माणूस करता येत नसे.

घर करता येई. जावई नीलेश वालीवला खोक्यांच्या कारखान्यात होता. तो येताना पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे पिशवीभर घेऊन येई. त्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओलं बोट फिरवून अलगद सोलला की आतल्या पन्हळी उघड्या पडत, आणि त्यांवर विटकरी रंगाचा हात फिरवला की मंगलोरी कौलांचं छप्पर तयार. उदबत्तीच्या काड्यांचे खांब, जुन्या लग्नपत्रिकांच्या भिंती, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेली दारं. विहीर, तिच्यावरचा रहाट, केळीची बाग, दोरीवर वाळत घातलेलं धोतरसुद्धा. पण धोतर नेसणारा नाही. माणूस करायला बसले की चेहरा आड येई. नाक बसवलं की तो माणूस त्यांच्याकडे रोखून बघू लागे. दिनानाथांना खऱ्या माणसांनी रोखून पाहिलेलं सोसत नसे, तिथे कागदाच्या माणसाची काय कथा.

सगळी नोकरी त्यांनी मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात काढली, तीही पुस्तकांच्या डागडुजीच्या खोलीत. तिथे वाचक येत नसत, हे त्या खोलीचं मोठं सुख होतं. निवृत्तीनंतर वसईच्या पश्चिमेला, भुईगावच्या रस्त्याला फ्लॅट घेतला. हात रिकामे राहवेनात म्हणून जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कागदाची छोटी गावं उभी राहू लागली. बायको जयवंती म्हणे, आपल्या घरात जेवायला दोन माणसं आणि टेबलावर अख्खं गाव.

त्यांच्या इमारतीच्या कुंपणाला लागून इनासभाऊंची वाडी होती. केळी, मोगरा, थोडे नारळ, आणि मधोमध बैठं घर. इनासभाऊ आणि त्यांची बायको क्लेमेंटीन, दोघंच राहत. मुलगा जेन्सन बोटीवर नोकरीला, तो कधी नाताळला घरी असे, कधी नसे. ओट्यावरचा नाताळचा गोठा म्हणजे इनासभाऊंचा जीव. दरवर्षी स्वतःच्या हाताने बांधत, कोणाला काडीही लावू देत नसत. पण यंदा पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. डिसेंबर लागला तसा त्यांनी ओट्याच्या त्या कोपऱ्याकडे बघायचंच सोडून दिलं.

तेव्हा क्लेमेंटीन दिनानाथांकडे आली. जयवंतीकडून तिला त्यांच्या कागदाच्या घरांची माहिती होती. तिने फार काही सांगितलं नाही. गोठ्याभोवतीचं गाव तुम्ही कराल का, एवढंच विचारलं, आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. त्यात गोठ्यातल्या मूर्ती होत्या, जुन्या वर्तमानपत्रांत एकेक गुंडाळलेल्या. इनासभाऊंच्या आजोबांपासून चालत आलेल्या. मूर्तींच्या उंचीला शोभतील अशी घरं व्हावीत म्हणून तिने तो डबा विश्वासाने सोडला होता.

दिनानाथांना नाही म्हणायचं होतं. आपल्याला जमणार नाही, इनासभाऊंना आवडणार नाही, आपण त्यांच्या धर्मातले नाही, काहीतरी चुकेल, असं बरंच बोलायचं त्यांनी मनात जुळवलं. ते जुळेपर्यंत क्लेमेंटीन उठून गेली होती.

मग त्यांनी नेहमीचं केलं. पुस्तकं आणली. गोठ्यांची चित्रं पाहिली, देशोदेशीचे गोठे कसे असतात ते वाचलं, टिपून ठेवलं. डबा उघडून उंची घ्यायच्या उभ्या मूर्ती तेवढ्या एकेक करून सोडल्या, पट्टी लावून मापं घेतली आणि पुन्हा गुंडाळल्या. या कामाला खरं तर अर्धी सकाळ पुरली असती. पण गुंडाळायचे कागद कित्येक वर्षांपूर्वीचे, आणि छापलेलं काही हातात आलं की दिनानाथांना वाचल्याशिवाय ठेवता येत नसे. उंटाच्या कागदावर वसईच्या केळ्यांच्या भावाची बातमी होती, मेंढपाळाच्या कागदावर एका नाट्यप्रयोगाची जाहिरात. वाचत, गुंडाळत, पुन्हा सोडून राहिलेलं वाचत त्यांची दुपार झाली. टेबलभर कात्रणं, पुड्या आणि कागदाचे बोळे पसरले होते. जयवंतीने जेवणासाठी टेबल मोकळं करून कचरा भरला आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत दिला.

गाव उभं करायला ते रोज दुपारी कुंपणाच्या फटीतून पलीकडे जाऊ लागले. इनासभाऊ ओट्यावर खुर्चीत बसलेले असत. पहिले काही दिवस ते तोंड फिरवून बसले. मग विहीर मांडली तेव्हा त्यांच्याच्याने राहवलं नाही.

“मास्तर,” ते म्हणाले. दिनानाथ कधीच मास्तर नव्हते, पण ते सांगायचं राहून गेलं होतं. “रहाट उलटा बसवलाय. बैल काय पाठीमागं चालणार?”

दिनानाथांनी रहाट फिरवून बसवला. दुसऱ्या दिवशी केळीची पानं फार नेटकी असल्याचा शेरा मिळाला. वाऱ्याने फाटली नाहीत ती वसईची केळ नव्हे. दिनानाथांनी पानं कात्रीने चिरली. बघता बघता इनासभाऊ खुर्ची पुढे ओढायला लावू लागले. डाव्या हातातली काठी रोखून ते घरं इकडची तिकडे करवून घेत. क्लेमेंटीन आतून ऐके आणि मध्येच पदराने डोळे टिपे. इतक्या दिवसांत त्यांना कोणावर ओरडताना ऐकलं नव्हतं, असं ती जयवंतीला म्हणाली.

“हात गेलाय, डोळे शाबूत आहेत,” इनासभाऊ म्हणत. आणि एकदा गावाकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, “घरं झाली, केळी झाल्या. माणसं कुठंत? सगळी दुबईला गेली काय?”

दिनानाथांनी मान खाली घातली. माणसं येत नाहीत मला, असं ते पुटपुटले.

नाताळला दोन दिवस उरले तेव्हा मूर्ती मांडायची वेळ आली. गोठ्यात गवत पसरून दिनानाथांनी डबा उघडला. मरियम ठेवली, योसेफ ठेवला, गाय, गाढव, मेंढरं. इनासभाऊ मरियमेची जागा मनासारखी होईपर्यंत काठी हलवत राहिले, मग समाधान पावून खुर्चीतच पेंगले. शेवटची पुडी गव्हाणीची. दिनानाथांनी ती सोडली. बोटभर लांबीची लाकडी गव्हाण, तिच्यात गवत चिकटवलेलं, आणि गवतात मधोमध एक खळगा. बाळ पहुडलं की त्याच्या पाठीने पडावा तसा.

बाळ नव्हतं.

त्यांनी डबा उलटा केला. सगळे कागद उलगडून पाहिले. पुस्तकातल्या एकूण एक चित्रात गव्हाणीत बाळ होतं. गेल्या नाताळच्या दिवशी क्लेमेंटीनने फराळाला बोलावलं होतं, तेव्हा याच गव्हाणीत त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एक हात उंचावलेलं, गुलाबी तळव्यांचं. आता नव्हतं. आणि मग त्यांना ती दुपार आठवली. टेबलभर कागदाचे बोळे, हातात केळ्यांचे भाव, आणि कचरा भरणारी जयवंती.

त्यांनी गव्हाणीवर मूठभर गवत सारलं, पेंगणाऱ्या इनासभाऊंकडे एकदा पाहिलं आणि चोरासारखे कुंपणाच्या फटीतून घरी आले.

जयवंतीला त्यांनी आडून आडून विचारलं. त्या दिवशीच्या कचऱ्यात एखादी बारीकशी पुडी होती का? जयवंती भाजी निवडत होती. असेल एखादी, ती म्हणाली, सगळा कागदच होता, त्यातली पुडी कोणती आणि बोळा कोणता, हे कसं कळणार. मग तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळं काढून घेतलं.

“अहो, मग क्लेमेंटीनला विचारा ना सरळ.”

“काय विचारू? तुमचं बाळ मी कचऱ्यात टाकलं का, असं?”

“असंच विचारा.”

हे जयवंतीला शक्य होतं. दिनानाथांना दुकानात सुटे पैसे परत मागणंही कठीण जाई. आणि ही काही साधी वस्तू नव्हती. ज्या माणसाचा हात गेला होता, त्याने आपला गोठा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात दिला होता. तो हात असा निघाला. आपल्याला हे जमणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, फक्त कसं जमणार नाही एवढंच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लेमेंटीन करंज्या आणि कुलकुलांचं ताट घेऊन आली. हसली, बोलली, गाव बघायला आळीतली माणसं येऊन गेल्याचं सांगितलं. गव्हाणीबद्दल एक अक्षर नाही. तिने गवत दूर केलेलं होतं हे दिनानाथांनी सकाळी कुंपणावरून पाहिलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून ती ताट घेऊन आली होती. हा चांगुलपणा दिनानाथांच्या घशाखाली उतरेना. कुलकुलंही उतरेनात.

ती गेल्यावर ते टेबलाशी बसले. पुस्तकबांधणीच्या दिवसांतला थोडा मलईरंगी कागद त्यांनी जपून ठेवला होता, दुर्मीळ ग्रंथांच्या अस्तराचा. तो काढला. कागदाचा लगदा करून त्याचं बोटाच्या पेराएवढं अंग वळलं, त्यावर तो कागद ओलसर करून चढवला. चेहरा केला, मोडला. पुन्हा केला, तो एखाद्या चिडक्या हेडक्लार्कसारखा झाला. तिसऱ्यांदा नाकच तुटलं. शेवटी त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं, मान एका कुशीला वळवली, डोळ्यांच्या जागी मिटलेल्या पापण्यांच्या दोन बारीक रेघा काढल्या आणि नाकाचा नाद सोडला. वाळवायला ठेवलं तेव्हा जयवंतीने वाकून पाहिलं. जाताना ती पंख्याचा वेग कमी करून गेली.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी काडेपेटीत कापूस घालून त्यांनी ते बाळ त्यात ठेवलं आणि पलीकडे गेले. दिवे लागले होते. गावातल्या छोट्या घरांतही क्लेमेंटीनने बारीक बल्बची माळ सोडली होती, आणि कागदाच्या खिडक्या आतून पिवळ्या दिसत होत्या. घरातून फुगे, नाताळचे ते गोल गोल पाव, तळल्याचा वास येत होता. इनासभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत डोळे मिटून बसले होते. डाव्या हातात रोझरीची माळ होती.

दिनानाथांनी काडेपेटी उघडली. बाळ उचललं आणि गव्हाणीतल्या खळग्यात ठेवलं. ते असं बसलं, जसं काही त्या खळग्याचंच माप घेऊन केलं होतं. मिणमिणत्या उजेडात कागद कागद वाटेना. कोणालाही कळलं नसतं. दिनानाथांना अशी अपेक्षाच नव्हती. आपली लबाडी उघडी पडेल, या भीतीची त्यांनी तयारी केली होती. ती खपून जाईल याची नव्हती. उद्या आळीतली माणसं येतील, या बाळापुढे गुडघे टेकतील, मुलं त्याच्या पायांना ओठ लावतील. आणि इनासभाऊ वर्षानुवर्षं नमस्कार करतील एका चूक लपवणाऱ्या कागदाला.

त्यांनी बाळ उचलून परत काडेपेटीत ठेवलं.

“इनासभाऊ,” ते म्हणाले. आवाज इतका खोल गेला होता की त्यांना पुन्हा हाक मारावी लागली. “इनासभाऊ, तुमचं बाळ माझ्याकडून हरवलं.”

इनासभाऊंनी डोळे उघडले. दिनानाथांनी सगळं सांगितलं. वर्तमानपत्रं, केळ्यांचे भाव, टेबलावरचे बोळे, घंटागाडी. सांगताना ते गव्हाणीकडे बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. इनासभाऊंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिनानाथ घाबरून खुर्चीपाशी गेले. पुन्हा झटका आला की काय.

झटका नव्हता. इनासभाऊ हसत होते. आजारपणानंतर त्यांना असं हसताना दिनानाथांनी पाहिलं नव्हतं, म्हणून ते ओळखू आलं नाही.

“क्लेमे,” त्यांनी कसाबसा आवाज काढला. “ये गो बाहेर. मास्तरांनी बाळ कचऱ्यात टाकलंन.”

क्लेमेंटीन झारा हातात घेऊनच बाहेर आली. ऐकलं, आधी तिच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटला, मग तिने कपाळावर हात मारला. ती आत गेली आणि तांदळाचा डबा कडेवर घेऊन आली. झाकण काढून तिने डबा दिनानाथांपुढे धरला.

“घाला हात.”

दिनानाथांनी हात घातला. नवे तांदूळ होते, थंड, बोटांमधून सरकणारे. हात मनगटापर्यंत आत गेला. आणि खाली, तळाशी, बोटांना एक कापडी पुडी लागली. त्यांनी ती वर काढली. धुतलेल्या पांढऱ्या रुमालात ते होतं. एक हात उंचावलेलं, गुलाबी तळव्यांचं.

दिनानाथ ओट्याच्या पायरीवर बसले.

क्लेमेंटीन त्यांच्या शेजारी टेकली आणि तिने समजावून सांगितलं. नाताळच्या आधी बाळाला गव्हाणीत ठेवत नाहीत. अजून जन्म व्हायचाय त्याचा. रात्री चर्चमधल्या मिस्साहून आलं की मग ठेवायचं. तोवर ते तिच्या सासूबाईंच्या वेळेपासून नव्या तांदळात असतं, उबेला. हे सगळ्यांना माहीतच असतं असं धरून चालल्यामुळे तिला सांगायचं सुचलंच नाही. त्या डब्यात बाळ कधी नव्हतंच.

“पण पुस्तकात…” दिनानाथ म्हणाले.

“पुस्तकातले फोटो नाताळनंतर काढलेले असतात, मास्तर,” इनासभाऊ म्हणाले. “आणि तुमच्या घरी गोकुळाष्टमीला कृष्ण काय दुपारपासून पाळण्यात असतो?”

नसतो. जयवंती पाळणा सजवून रिकामा ठेवी, वेळ झाली की कृष्ण आत ठेवून पाळण्याची दोरी दिनानाथांच्या हातात देई, आणि दरवर्षी ते न चुकता ओढत. इतकं वाचून, टिपून, मापं घेऊन त्यांना एवढंही सुचलं नव्हतं. एरवी असा विचार आला असता तर ते आठवडाभर स्वतःला टोचत राहिले असते. पण आता छातीवरचं ओझं असं काही उतरलं होतं की टोचून घ्यायला जागाच सापडेना. ते हसायला लागले. त्यांना मोठ्याने हसायची सवय नव्हती, ते खोकल्यासारखं निघालं, आणि ते ऐकून इनासभाऊंना आणखी हसू लोटलं.

“सापडलं ना?” क्लेमेंटीन म्हणाली. “आता परत ठेवा तांदळात. वेळ व्हायचाय अजून.”

दिनानाथांनी रुमालाची घडी होती तशी घातली आणि हात पुन्हा तांदळात घालून बाळाला तळाशी नेऊन ठेवलं. वर तांदूळ सारखे केले.

“आणि त्या काडेपेटीत काय आहे?” इनासभाऊंनी विचारलं.

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. गव्हाणीत ठेवताना पाहिलं होतं आणि उचलून घेतानाही. दिनानाथांचे कान तापले. त्यांनी काडेपेटी पुढे केली. इनासभाऊंनी डाव्या हाताने ती डोळ्यांजवळ नेली, दिव्याकडे धरून फिरवली, बराच वेळ पाहिली.

“याला नाक नाही.”

“नाक जमलं नाही.”

“पण झोपलंय चांगलं,” इनासभाऊ म्हणाले. “माणसं येत नाहीत म्हणत होतात ना? ही काय मग?” त्यांनी काठी उचलली आणि विहिरीजवळच्या घराकडे रोखली. “ते घर. दार उघडं करा त्याचं. तिथं ठेवा याला. नाही, आत नको, उंबऱ्यापाशी, दिसलं पाहिजे.”

दिनानाथांनी नखाने कागदी दार उघडलं, काडेपेटीतला कापूस उंबऱ्याशी अंथरला आणि त्यावर बाळाला निजवलं. आतल्या बल्बचा उजेड त्याच्या अंगावर आला. इतके दिवस ओसाड वाटणाऱ्या त्या गावात आता कोणीतरी राहत होतं.

“बरं दिसतंय,” क्लेमेंटीन म्हणाली.

इनासभाऊ तेवढ्यावर थांबणाऱ्यांतले नव्हते. “आता याला असं एकटं टाकून आई गेली कुठं? तान्हं पोर उंबऱ्यात. लोक काय म्हणतील?”

“करतो,” दिनानाथ म्हणाले, आणि आपण हे म्हणालो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

क्लेमेंटीनने गरम फुग्यांची पिशवी हातात दिली, ती घेऊन ते कुंपणाच्या फटीतून घरी आले. जयवंती दारातच होती. त्यांचा चेहरा बघून तिला अर्धं कळलं, उरलेलं त्यांनी सांगितलं. तांदळाच्या डब्याशी आल्यावर तिने तोंडाला पदर लावला.

“विचारा म्हटलं होतं,” ती म्हणाली.

“म्हटलं होतंस.”

त्यांनी फुगा खाल्ला. मग आणखी एक. कालपासून पोटात नीट काही गेलं नव्हतं हे आता त्यांच्या लक्षात आलं. हात धुऊन ते टेबलाशी बसले, मलईरंगी कागदाचा उरलेला तुकडा पुढे ओढला, आणि कात्री हातात घेऊन जयवंतीकडे बघत राहिले. ती दिव्याखाली बसून उद्याची भाजी निवडत होती.

“जरा खिडकीकडे बघ,” ते म्हणाले.

“काय आहे खिडकीत?”

“खिडकीत काही नाही. नाक बघतोय.”

जयवंतीने हातातली जुडी खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या नाकाची दखल कोणी अशी घेतली नव्हती. तिने केस मागे सारले आणि खिडकीकडे तोंड करून ताठ बसली.